लंगडत नाही, तरी दुखतं

मेहकरहून मालेगावकडे जाताना लागणाऱ्या डोणगावात हंगाम संपला की घराघरांत सोयाबीन-तुरीच्या पोत्यांची थप्पी लागते आणि थप्पीच्या मागोमाग उंदीर येतात. अशा घरात मांजर हौसेपेक्षा गरजेपोटी असते. दहा-बारा वर्षं तिनं कोठीची राखण केलेली असते. मग एके दिवशी लक्षात येतं, की थप्पीवर चढणारी मांजर आता खालीच बसून असते. ‘म्हातारी झाली बिचारी’ म्हणून विषय संपतो. गेल्या पंचवीसेक वर्षांत मांजरांच्या वैद्यकात जे काही घडलं, त्याचा गाभा हाच, की ही बिचारी नुसती म्हातारी झालेली नसते. तिचे सांधे दुखत असतात आणि त्यावर बरंच काही करता येतं.

माणसाचा संधिवात सर्वांना माहीत, कुत्र्याचाही डॉक्टरांना माहीत होता. मांजराला मात्र तो क्वचित होतो असाच समज होता. 2002 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1994 ते 1997 या काळात वेगवेगळ्या कारणांनी एक्स-रे काढलेल्या, बारा वर्षांवरच्या शंभर मांजरींचे फोटो पुन्हा तपासले गेले, तर नव्वद मांजरींमध्ये सांध्यांच्या झिजेच्या खुणा दिसल्या. 2010 मध्ये दुसऱ्या एका पाहणीत सहा महिन्यांपासून वीस वर्षांपर्यंतच्या शंभर मांजरी घेतल्या होत्या. त्यांतल्या 92 मांजरींच्या कुठल्या ना कुठल्या सांध्यात बिघाड आढळला. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे दुखतंच असं नाही, हे खरं. पण ‘मांजराला हा आजार नसतोच’ हे म्हणणं तिथे कायमचं संपलं.

इतकी वर्षं तो दिसला का नाही, याचं कारण मांजराच्या वागण्यात आहे. बैलाचा पाय दुखला तर तो लंगडतो आणि शेतकऱ्याला लांबूनच कळतं. मांजराची झीज बहुधा दोन्ही बाजूंच्या सांध्यांत असते, त्यामुळे लंगडायला एक पाय वेगळा उरत नाही. मांजर फक्त हालचाल कमी करते. ओट्यावर एका झेपेत जाणारी मांजर आधी खुर्चीवर, मग ओट्यावर असा टप्पा घेते. उतरताना पुढचे पाय भिंतीवरून घसरवत खाली आणते आणि मगच उडी टाकते. पाठीवर मागच्या बाजूला केसांच्या गाठी होतात, कारण तिथवर जीभ न्यायला कंबर वळत नाही. खांबावर नखं घासणं थांबतं, नखं वाढून वाकतात आणि कधी पंजाच्या गादीत रुततात. कंबरेवरून हात फिरवला की गुरगुरते किंवा उठून जाते. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

म्हणूनच संशोधकांनी एक्स-रेइतकंच महत्त्व घरच्या माणसाच्या नजरेला दिलं. 2020 साली सहा साध्या प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध झाली: मांजर नीट धावते का, वर उडी मारते का, खाली उडी मारते का, जिना चढते का, उतरते का, आणि हलत्या गोष्टीमागे पळते का? डोणगावच्या घरात यातला शेवटचा प्रश्न सोपा आहे. उंदीर समोरून गेला तेव्हा काय झालं, ते सर्वांनी पाहिलेलं असतं.

औषधाची गोष्ट मात्र गिधाडांपासून सुरू होते. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. तोवर भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली होती. 2006 मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. त्याच वर्षी मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं दाखवणारं संशोधन आलं आणि गुरांच्या दवाखान्यांत मेलोक्सिकॅम रुळलं. गिधाडांना वाचवण्यासाठी पुढे आणलेलं हेच औषध अनेक देशांत म्हाताऱ्या मांजरींच्या दुखण्यावरचं मुख्य औषध ठरलं, हा योगायोग मोठा लोभस आहे.

मांजरींना ते रोज, दीर्घकाळ द्यायला युरोपात 2007 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत उलट घडलं. वारंवार दिल्याने मूत्रपिंडं निकामी होऊन मांजरी दगावू शकतात, असा ठळक इशारा 2010 मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावला गेला. दोन्ही बाजूंना आधार होता. त्याच वर्षी मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र बसून नियम घातले: कमीत कमी मात्रा, आधी रक्त-लघवीची तपासणी, नंतर ठरावीक अंतराने पुन्हा तपासणी. 2024 मध्ये हे नियम सुधारून नव्याने निघाले. मधल्या काळात, 2021 मध्ये युरोपात आणि जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत, महिन्यातून एकदा त्वचेखाली देण्याच्या फ्रुनेव्हेटमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. वेदना वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं.

गावात खरी भीती आहे ती घरातल्या गोळ्यांची. चार किलोच्या मांजरीला मेलोक्सिकॅमची रोजची मात्रा साधारण 0.2 मिलिग्रॅम. माणसाची गोळी 7.5 मिलिग्रॅमची, म्हणजे मांजरीच्या महिन्याभरापेक्षा जास्त दिवसांचं औषध एका गोळीत. पॅरासिटामॉल तर तिला अजिबात चालत नाही. ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा तिच्या यकृतात पुरेशी नसते. पाव गोळीही जिवावर बेतू शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. अंगाला लावायचा बामही ती चाटून पोटात घेते. ‘लेकराला देतो तेच थोडं दिलं’ असं म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

मग मांजर दाखवायची कुठे? मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय 1884 पासून आहे. जुलै 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. खेड्यातला पशुवैद्यकीय दवाखाना मात्र गाय, म्हैस, शेळीसाठी उभा राहिला आणि त्या कामानेच तो भरलेला असतो. पशुगणनेत कुत्रा आहे, ससा आहे, हत्तीसुद्धा आहे, पण मांजर नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी औषधं आणि यंत्रं मागवली जाणं कठीणच. डोणगावकरांना मालेगाव-पातूरमार्गे अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था गाठता येते. जाताना मांजरीच्या चढण्या-उतरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावा. अनोळखी टेबलावर ती आखडून बसते, तिथे काहीच कळत नाही.

उरलेलं बरंचसं घरातच होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. सारवलेली जमीन जाऊन टाइल्स आल्या, तेव्हापासून म्हाताऱ्या मांजरीचे मागचे पाय फाकतात. तिच्या नेहमीच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा पोतं अंथरलं की ती सरळ चालते. आवडत्या जागेखाली पाट किंवा दोन विटा ठेवल्या की उडीचे दोन तुकडे होतात. पाण्याचं भांडं आणि अन्न जमिनीवर, झोपायच्या जागेजवळ. थंडीत चुलीजवळच्या कोपऱ्यात गोधडीची घडी. मांजर घरात मातीच्या घमेल्यात शी-शू करत असेल तर घमेल्याची एक कड खाली हवी. जाड मांजरीचं वजन हळूहळू उतरवावं, एकदम उपाशी ठेवू नये, त्याने तिचं यकृत बिघडतं. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी बघावीत.

मेलोक्सिकॅम चालू असेल तर ते जेवणासोबतच द्यायचं. ज्या दिवशी मांजर खात नाही, ओकते, पाणी पीत नाही किंवा हगवण लागते, त्या दिवशी मात्रा द्यायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा.