लांब शब्द फोडायचा कसा?

विवळवेढ्याकडच्या वारली घरातले मूल घरी वारली बोलते, शाळेत मराठी शिकते. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. लांब शब्द दिसला की ते घाबरते. दोष त्याचा नाही. शब्द फोडायला त्याला कुणी शिकवलेले नसते.

संविधानाच्या १७व्या कलमातला ‘अनटचेबिलिटी’ घ्या. ‘अन्’ म्हणजे नाही, ‘टच’ म्हणजे स्पर्श, ‘एबल’ म्हणजे योग्य, ‘इटी’ म्हणजे पणा. मराठीतही तसेच : अ-स्पृश्य-ता. उच्चाराचे तुकडे सहा : अन्-टच्-अ-बिल्-इ-टी. आघात ‘बिल्’वर. ‘अनटचेबल’मध्ये मात्र तो ‘टच्’वर असतो, ‘इटी’ जोडली की पुढे सरकतो.

१९५० साली अंमलात आलेल्या संविधानाने ही प्रथा नष्ट केली. ते कलम मूळ इंग्रजीत वाचणे हा दलित-आदिवासी मुलांचाही हक्क आहे. ज्या शब्दाने माणसे तोडली, तो त्यांना तोडता आला पाहिजे.