मालमोटारीचे मोठे टायर आणि ‘एबीएस’चा पिवळा दिवा

मालमोटारीला ठरलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवले आणि त्यानंतर समोरच्या पॅनेलवरील ‘एबीएस’चा पिवळा दिवा विझेनासा झाला, तर दोष टायरचा की ब्रेक यंत्रणेचा, असा प्रश्न गाडीमालकांना पडतो. त्याचे उत्तर शोधण्याऐवजी दिव्याचा बल्बच काढून टाकण्याचा मार्गही काही जण पत्करतात. प्रत्यक्षात हा दिवा पेटण्यामागे बहुतेक वेळा सेन्सर, वायर किंवा जोडणीतील किरकोळ बिघाड असतो आणि तो थोडक्या खर्चात दूर करता येतो. मात्र मोठ्या टायरमुळे ब्रेकच्या ताकदीत आणि गाडीच्या खऱ्या वेगात जो फरक पडतो, त्याची सूचना कोणताही दिवा देत नाही. त्यामुळे हे दोन प्रश्न वेगवेगळे समजून घेणे आवश्यक आहे.

दात मोजणारी यंत्रणा

एबीएस म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टिम. भारतात नव्या जड मालवाहू वाहनांसाठी ती २०१५ पासून बंधनकारक करण्यात आली. जोराने ब्रेक दाबल्यावर चाक जाम झाले, तर टायर फिरण्याऐवजी रस्त्यावर घसरू लागतो. पुढची चाके जाम झाल्यास स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. मागची जाम झाल्यास गाडीचा मागचा भाग आडवा जातो आणि जोडलेला ट्रेलर केबिनच्या दिशेने घडी घालतो. पावसाळ्यात, ओल्या घाटरस्त्यावर याचा परिणाम प्राणघातक ठरू शकतो. चाक जाम होऊ न देणे, एवढेच एबीएसचे काम आहे.

त्यासाठी चाकाच्या हबवर एक दातेरी कडे बसवलेले असते आणि त्याच्या अगदी जवळ चुंबकीय सेन्सर असतो. जड मालमोटारींत या कड्याला बहुधा १०० दात असतात. चाक फिरताना प्रत्येक दात सेन्सरसमोरून जातो आणि विजेचा एक सूक्ष्म स्पंद निर्माण होतो. नियंत्रक हे स्पंद मोजून प्रत्येक चाकाचा वेग ठरवतो. एखादे चाक इतरांच्या तुलनेत अचानक मंदावले, की ते जाम होत असल्याचे मानून मॉड्युलेटर व्हॉल्व्ह त्या चाकाच्या ब्रेकमधील हवा क्षणभर सोडतो आणि पुन्हा भरतो. ही क्रिया एका सेकंदात अनेकदा घडते. थोडक्यात, एबीएसला रस्ता दिसत नाही आणि टायरही दिसत नाही. तिला केवळ दात मोजता येतात.

दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझणे, हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे. त्याच वेळी मॉड्युलेटर व्हॉल्व्ह एकामागून एक ‘टक टक’ वाजतात. शांत जागी गाडी उभी असेल तर हा आवाज ऐकू येतो. दिवा मुळीच पेटला नाही, तर बल्ब गेलेला किंवा काढलेला आहे अथवा फ्यूज उडाला आहे, असे समजावे. दिवा पेटून तसाच राहिला, तर नियंत्रकाने दोष नोंदवलेला आहे. सेन्सरचा दोष दुरुस्त केल्यानंतरही अनेक गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. गाडी ताशी १० किलोमीटरच्या आसपास वेगाने थोडी पुढे नेल्यावर, सर्व चाकांचे स्पंद जुळले की तो विझतो. त्यामुळे उभ्या गाडीत दिवा पाहून ‘दुरुस्ती फसली’ असा निष्कर्ष काढू नये.

दिवा पेटलेला असताना नेहमीचा एअर ब्रेक बंद पडत नाही. गाडी थांबते, मात्र संबंधित चाकांना जाम होण्यापासून मिळणारे संरक्षण नसते. अशा स्थितीत वेग कमी ठेवून, पुढच्या गाडीपासून अंतर राखून जवळचे गॅरेज गाठणे इष्ट. हवेच्या दाबाचा इशारा देणारा दिवा किंवा बझर हा मात्र वेगळा इशारा आहे. तो मिळाल्यास गाडी पुढे नेऊ नये.

तपासणीचा क्रम

टायर बदलताना चाक उतरवले तरी सहसा सेन्सरला धक्का लागत नाही, कारण दातेरी कडे हबच्या आतल्या बाजूस असते. तथापि, टायर बदलण्याच्या निमित्ताने बेअरिंगला ग्रीस भरणे, लायनिंग बदलणे किंवा ड्रम काढणे अशी कामेही उरकली जातात. त्या वेळी सेन्सर मागे सरकतो, वायर ताणली जाते किंवा कड्यावर लोखंडाची कीस साचते. म्हणून टायरला दोष देण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम बॅटरीचा दाब, फ्यूज आणि जोडण्या पाहाव्यात. २४ व्होल्टच्या यंत्रणेत दाब फार खाली आला तरी नियंत्रक दोष दाखवतो. त्यानंतर दोषसंकेत वाचावा. अनेक गाड्यांत एक बटण दाबून दिव्याच्या उघडझापीतून तो मिळतो. कितव्या चाकाचा कोणता भाग बिघडला आहे, हे कंपनीच्या पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून कळते. संकेत न वाचता चारही सेन्सर बदलणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

संकेत सेन्सरकडे बोट दाखवत असेल, तर सेन्सर आणि कडे यांतील अंतर तपासावे. पकडीच्या स्प्रिंगदार बुशात बसलेला सेन्सर हाताने कड्याला टेकेपर्यंत आत ढकलायचा असतो; हातोडीने ठोकायचा नसतो. चाक फिरल्यावर तो आवश्यक तेवढा मागे सरकतो. तो वारंवार जास्त मागे जात असेल, तर चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असण्याची शक्यता असते. म्हणजे एबीएसच्या दिव्याने बेअरिंगचा अधिक गंभीर दोष वेळीच उघड केलेला असतो.

पुढची पायरी मल्टिमीटरची. सेन्सरचा रोध साधारणतः एक ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. मीटरवर अनंत रोध दिसल्यास तार तुटलेली आहे, शून्याच्या जवळ दिसल्यास आत शॉर्ट झालेला आहे. त्यानंतर चाक जॅकवर उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने हाताने फिरवावे. सेन्सरच्या टोकांवर किमान ०.२ व्होल्टच्या आसपास एसी दाब मिळाला पाहिजे. तो कमी असल्यास अंतर जास्त आहे किंवा दातांवर घाण आहे. एका फेऱ्यात तो ठरावीक जागी कमी-जास्त होत असल्यास कडे वाकडे बसले आहे किंवा दात तुटलेला आहे. सेन्सर ठीक निघाल्यास वायर तपासावी. चेसिसला किंवा टायरला घासून सोललेली वायर आणि पाणी शिरलेला कनेक्टर ही नेहमीची कारणे आहेत. मोठे टायर बसवल्यावर जागा कमी होते आणि पूर्वी न घासणारी वायर घासू लागते, हेही लक्षात ठेवावे.

टायर मोठा झाल्यावर

आता टायरचा प्रश्न. १०.०० आर २० मापाच्या टायरचा व्यास सुमारे १०५ सेंटिमीटर, तर १२.०० आर २० चा सुमारे ११२ सेंटिमीटर असतो. सर्व चाकांना एकाच मापाचे मोठे टायर बसवले, तर चाकांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. त्यामुळे एबीएस सहसा तक्रार करत नाही आणि दिवाही पेटत नाही. केवळ मागच्या ॲक्सलला मोठे टायर असतील, तर ती चाके कायम मंद फिरतात. थोडा फरक नियंत्रक सामावून घेतो. तो मर्यादेबाहेर गेला, तर दोष नोंदवला जातो किंवा चाक घसरत असल्याचा गैरसमज होऊन गरज नसताना ब्रेकची हवा सोडली जाण्याचा संभव असतो. जोडीच्या दोन टायरांत एक मोठा आणि एक लहान असल्यास मोठ्यावर अधिक भार पडून तो तापतो, तर लहान टायर रस्त्यावर घासत राहतो.

दिवा न पेटणारा बदल अधिक महत्त्वाचा आहे. टायर सुमारे साडेसहा टक्के मोठा झाल्यास स्पीडोमीटर ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना गाडीचा खरा वेग ८५ च्या वर असतो. वाहतूक वाहनांवरील वेगनियंत्रकही त्याच मोजमापावर चालत असल्याने तोही फसतो. वेग एवढा वाढला, की गाडीतील गतिज ऊर्जा सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि ही वाढीव उष्णता ब्रेकच्या ड्रमलाच पेलावी लागते. दुसरीकडे, ड्रममधील पिळाचा जोर पूर्वीइतकाच असतो, पण तो मोठ्या त्रिज्येच्या चाकातून रस्त्यावर पोचतो. परिणामी रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर सुमारे सहा टक्क्यांनी घटतो. पूर्ण भरलेल्या गाडीत ब्रेक आपल्या मर्यादेपर्यंत वापरला जात असेल, तर या दोन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून थांबण्याचे अंतर सुमारे एक पंचमांशाने वाढते. चालकाच्या नजरेसमोरचा काटा मात्र ८० वरच असतो.

शिवाय गाडीची उंची आणि गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो आणि चढावर इंजिनाला जास्त ओढावे लागते. ओडोमीटर कमी अंतर नोंदवत असल्याने गाडीचे ‘ॲव्हरेज’ घटल्याचा भास होतो आणि ऑइल बदलण्यासारखी देखभाल उशिरा होते.

कायदा काय म्हणतो?

मोठ्या टायरमुळे जास्त माल भरता येतो, ही समजूत चुकीची आहे. भाराची मर्यादा ॲक्सल आणि नोंदणीकृत एकूण वजनावर ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५८ नुसार वाहतूक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात प्रत्येक चाकाच्या टायरांची संख्या, प्रकार आणि माप नोंदवलेले असते. कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा फेरफार वादाचा विषय ठरू शकतो.

टायर घेण्यापूर्वी

गाडीच्या मॉडेलसाठी उत्पादकाने पर्यायी माप मान्य केले असेल, तरच ते निवडावे आणि नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी. रिमची रुंदी त्या मापाला योग्य आहे का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि भरलेल्या गाडीचे पाटे दबल्यावर टायर कुठे घासत नाही ना, हे पाहावे. सर्व चाके आणि स्टेपनी एकाच मापाची ठेवावी. त्यानंतर अधिकृत सेवा केंद्रात स्पीडोमीटर, वेगनियंत्रक आणि एबीएसच्या नियंत्रकातील टायरचे माप दुरुस्त करून घ्यावे. मोकळ्या, सुरक्षित जागी कमी वेगात ब्रेकची चाचणी घेतल्याशिवाय माल भरू नये. उत्पादकाची मान्यता नसेल, तर मूळ मापातीलच अधिक दर्जेदार टायर घेणे आणि हवेचा दाब नियमित तपासणे हाच सुरक्षित पर्याय उरतो.