उपरिभूमिक आणि अधोभूमिक अंकुरण म्हणजे काय?

सोयाबीन उगवताना नीट पाहिले तर बियाण्याच्या दोन्ही डाळी जमिनीबाहेर आलेल्या दिसतात. हरभरा किंवा तूर उगवताना मात्र फक्त कोंब वर येतो, डाळी मातीतच राहतात. या डाळींना बीजपत्रे म्हणतात. ती जमिनीवर आली तर उपरिभूमिक (एपिजिअल) आणि जमिनीखाली राहिली तर अधोभूमिक (हायपोजिअल) अंकुरण. शब्द परीक्षेतले वाटतात, पण दुबार पेरणीचा निर्णय घेताना फार उपयोगी पडतात.

सोयाबीन, मूग, उडीद, चवळी, कापूस, सूर्यफूल, एरंडी ही पहिल्या गटातली पिके. तूर, हरभरा, वाटाणा, मका, ज्वारी, गहू दुसऱ्या गटातली. भुईमूग मधला आहे, त्याची बीजपत्रे साधारण जमिनीच्या पातळीवरच उघडतात.

उपरिभूमिक पिकात बीजपत्राखालचा दांडा वाकून आकड्यासारखा होतो आणि जाडजूड डाळी ओढत माती फोडून वर येतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन लगेच कडक ऊन पडले की भारी जमिनीवर खपली धरते. मग हा आकडा खपलीखाली अडकतो, बऱ्याचदा मान मोडते. म्हणून सोयाबीन ३ ते ५ सें.मी. पेक्षा खोल पेरू नये. मका-ज्वारीचा टोकदार कोंब भाल्यासारखा घुसतो. हरभऱ्यालाही डाळी ओढायच्या नसतात, त्यामुळे कोरडवाहू रब्बीत ओल गाठण्यासाठी तो ७ ते १० सें.मी. खोल पेरला तरी वर येतो. सोयाबीनला तेवढी खोली दिली तर बियाणे कितीही चांगले असो, उगवण विरळच होणार.

उगवण कमी दिसली की पहिला संशय बियाण्यावर जातो. तक्रार जरूर करा, पण आधी ओळीत चार-पाच ठिकाणी माती हलक्या हाताने उकरून बघा. बी कुजलेले किंवा फुगून तसेच पडलेले असेल तर कारण वेगळे. पांढरा, ताजा आकडा खपलीखाली दडलेला दिसला तर बी जिवंत आहे. अशा वेळी तुषार संचाने हलके पाणी देऊन खपली मऊ करावी. पाण्याची सोय असताना घाईने मोडणी करणे म्हणजे बियाण्याचा खर्च दोनदा करणे. पंचनाम्याला जाणाऱ्या कृषी सहायकांनीही ही उकरून पाहणी चुकवू नये. वरून मोजलेल्या रोपांवरून बियाण्याचा दोष ठरत नाही.

दुसरा फरक रोप तुटल्यावर कळतो. सोयाबीनचे कोवळे रोप सशाने किंवा अळीने बीजपत्राच्या खाली कुरतडले तर ते संपले, कारण फुटणारे सगळे डोळे वरच्या भागात गेलेले असतात. बीजपत्रे शाबूत ठेवून शेंडाच खाल्ला असेल तर त्यांच्या बेचक्यातून नवी फूट येऊ शकते. तूर-हरभऱ्यात बीजपत्राजवळचे डोळे मातीखाली सुरक्षित असतात, त्यामुळे जमिनीलगत तुटलेले रोपही ओल असल्यास पुन्हा फुटू शकते. तिथे नांगे भरण्याआधी पाच-सहा दिवस थांबावे. सोयाबीनमध्ये बीजपत्राखाली तुटलेल्या रोपांची वाट पाहू नये, नांगे लगेच भरावेत.