पौंडाचा पाढा

रोजचा जमाखर्च वहीत लिहून ठेवण्याची रीत आमच्या इंदूरच्या घरात वडिलांपासून चालत आली आहे. माझ्या कन्येने तीच रीत लंडनला नेली, आणि त्या वहीनेच तिची एक लपवाछपवी उघडकीस आणली.

२०२४ च्या सप्टेंबरात ती एम.एस्सी.साठी तेथे गेली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लंडनमध्ये शिकणाऱ्याला शुल्काव्यतिरिक्त दरमहा १,३३४ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड दाखवावे लागत, आणि ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागे. रुपयांत हा आकडा पावणेतेरा लाखांच्या घरात गेला. बँकेचे कर्ज, भविष्य निर्वाह निधी आणि सौभाग्यवतींच्या पाटल्या अशी ती मोळी बांधली. सरकारनेच आकडा ठरविला आहे, तेव्हा तेवढ्यात भागत असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. वेम्बलीत चार मुलींच्या घरातील एका चिंचोळ्या खोलीचे भाडेच ७५० पौंड होते.

२०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. पौंड तेव्हा ११४ रुपयांच्या आसपास होता आणि माझ्या डोक्यात सतत तोच पाढा चाले. बसचे भाडे पावणेदोन पौंड म्हणताच मी "दोनशे रुपये!" असे उद्गारून चालू लागे. "बाबा, इथे गुणाकार करू नका. गुणाकार करणारा उपाशी राहतो," ती हसून म्हणाली. त्या हसण्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

टेबलावर तिची वही पडली होती. मास्तरकीची खोड, चाळली. जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांवर दुपारच्या जेवणापुढे आठवड्यातून तीन-चार दिवस नुसती आडवी रेघ होती. विचारले तेव्हा म्हणाली, "चार पौंडांचं सँडविच घेताना तुमच्या कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे यायचा." खोलीतील हीटर बंद ठेवून ती रात्री उशिरापर्यंत ग्रंथालयात बसे, हेही तेव्हाच समजले. दर रविवारी फोनवर माझा पहिला प्रश्न "खर्च किती झाला?" हाच असे. तो माझा मलाच बोचू लागला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. जेवण आणि ऊब यांना कात्री लावायची नाही, हे आधी ठरले. मग बाकीच्या रकान्यांकडे वळलो. ईलिंग रोडवर गुजराती मंडळींची दुकाने आहेत; तेथे कणकेची दहा किलोची पिशवी आणि डाळी चौघींत घेतल्या. पोळ्यांची पाळी लावली, डबा सुरू झाला. मोठ्या दुकानांत संध्याकाळी उशिरा, त्या दिवशी मुदत संपणाऱ्या पावावर व दुधावर उतरलेल्या किमतीची पिवळी चिठ्ठी लागते. ती शोधण्यात सौभाग्यवती इतक्या तरबेज झाल्या, की निघताना त्यांना त्या चिठ्ठ्यांचाच विरह झाला असावा!

प्रवासाचा हिशेब अधिक रंजक निघाला. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस धरली तर वेगळे भाडे पडत नाही. ही सोय २०१८ पासून आहे. भुयारी रेल्वे सकाळी साडेनऊनंतर स्वस्त. उशिराचा तास असेल त्या दिवशी ती घाई करीनाशी झाली.

खरी ठेच कौन्सिल टॅक्सची. घरातील सारे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो. चौथ्या मैत्रिणीला नोकरी लागली, आणि पेढ्यांपाठोपाठ घरावर बिल आले. विद्यार्थी त्यात मोजले जात नसल्याने पंचवीस टक्के सूट मिळाली, उरलेले त्या मुलीनेच भरले. पण त्यापायी दोन दिवस घरात अबोला होता. चार जणांनी घर घेताना हे आधीच बोलून घ्यावे. भाऊबंदकी काय फक्त वाड्यातच होते?

परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी फोनवर "काय जेवलीस?" एवढेच विचारले. उत्तरादाखल तिने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठविले. दुपारचा रकाना सातही दिवस भरलेला होता: पोळी, मेथी, दही, आणि शनिवारी चक्क पोहे. त्यावरची शेव मात्र आम्ही सराफ्यातून नेलेली.