सोडियम-आयन बॅटरीतील धातू सल्फाइड-कार्बन अॅनोड : अर्धघट आणि पूर्णघट

उरण-पेणच्या मिठागरांमुळे सोडियम हे मूलद्रव्य नवी मुंबई परिसराला अपरिचित नाही. घणसोलीत विस्तीर्ण संकुल असलेल्या रिलायन्स समूहाने २०२२ मध्ये ब्रिटनमधील फॅराडिऑन ही सोडियम-आयन बॅटरी कंपनी आपल्याकडे घेतली. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये याच प्रकारचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यामागे आयसर, पुणे येथील संशोधन होते. यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही या विषयाकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे.

खरी अडचण अॅनोडची, म्हणजेच ऋण विद्युत अग्राची आहे. लिथियमसाठी ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तास आहे. सोडियम मात्र त्यात नगण्य प्रमाणात शिरते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरांमधील अंतर सुमारे ०.६२ नॅनोमीटर, म्हणजे ग्राफाइटच्या जवळजवळ दुप्पट असते. त्याच्या एका रेणूमागे चार सोडियम आयन सामावले, तर सैद्धांतिक क्षमता ६७० पर्यंत जाते. परंतु या अभिक्रियेत मूळ संरचना मोडून मॉलिब्डेनम धातू व सोडियम सल्फाइड तयार होतात, आकारमान वाढते, कण एकमेकांपासून सुटतात. शिवाय सल्फाइडची विद्युत वाहकताही कमी असते. नॅनोकणांभोवती कार्बनचे जाळे असल्यास इलेक्ट्रॉनांना मार्ग मिळतो आणि प्रसरणाचा ताणही सुसह्य होतो.

येथवर सर्व शोधनिबंधांचे एकमत असते. मतभेदाचा मुद्दा मोजमापाचा आहे. आपल्याकडील बहुतेक चाचण्या अर्धघटात, समोर सोडियम धातूची चकती ठेवून होतात. समजा, पहिल्या चक्रात १०० भाग सोडियम आत गेले व ७० परतले. उरलेले ३० भाग मुख्यतः पृष्ठभागावरील थरात अडकले, तरी चकतीत सोडियम मुबलक असल्याने पुढील चक्रांत ही तूट जाणवत नाही. पूर्णघटात सोडियमचा साठा केवळ कॅथोडमध्ये असतो. तेथे ही तूट कायमची. नॅनोकणांचे पृष्ठफळ जितके अधिक, तितका हा अपव्ययही अधिक, हे आपण सोयीस्करपणे विसरतो!

दुसरी बाब विभवांतराची. हार्ड कार्बनची बरीचशी क्षमता सोडियमच्या तुलनेत ०.१ व्होल्टच्या आसपास मिळते, तर सल्फाइडमधून सोडियम बाहेर पडताना विभव बहुधा एक व्होल्टच्या वर असतो. कॅथोड ३ व्होल्टचा धरल्यास पूर्णघटाला जेमतेम २ व्होल्ट मिळतात. म्हणून प्रतिग्रॅम क्षमतेचा आकडा देताना त्यात कार्बनचे वस्तुमान धरले आहे काय, पहिल्या चक्रातील परतावा किती आणि सरासरी विभव किती, या तीन गोष्टी त्याच तक्त्यात नोंदविणे आवश्यक आहे.