न्हाणीघरातील जुना गॅस गीझर : ठेवावा की बदलावा?

ख्रिस्तजयंतीचा सण जवळ आला की आपल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ वाढते. मध्यरात्रीच्या मिस्सेला निघण्यापूर्वी पाच-सहा माणसे एकामागून एक स्नान करतात, थंडीमुळे खिडकी घट्ट लावलेली असते आणि भिंतीवरील गॅस गीझर तासभर अखंड पेटता राहतो. वर्षभर विनातक्रार चाललेला गीझर नेमका अशाच रात्री घातक ठरू शकतो. म्हणून जुन्या गीझरचे काय करावे, याचा विचार आधीच झालेला बरा.

पूर्वी आपल्याकडे तांब्याचा बंब असे. तो अंगणात किंवा मागील पडवीत पेटे आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबे. गॅस गीझरने तीच आग न्हाणीघरात आणली, मात्र तिचा धूर दिसत नाही. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गीझर 10 मिनिटांत सुमारे 2 घनमीटर हवा वापरतो. 4 फूट रुंद, 5 फूट लांब आणि 8 फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर! प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो; या वायूला मात्र ना रंग, ना वास. 'गळती असती तर वास आला असता' हा युक्तिवाद येथे निरुपयोगी आहे.

तेव्हा गीझर किती वर्षांचा आहे, याआधी तो कोठे बसवला आहे ते पाहावे. तो न्हाणीघराच्या आत असेल आणि त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जात नसेल, तर तो दोन वर्षांचा असला तरी तेथून हलवावाच. त्याच जागी तसाच नवा गीझर लावणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय होय. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत घ्यावी.

बाहेर लावलेला जुना गीझर सरसकट टाकून देण्याचे कारण नाही. ज्योत निळी आहे का, ते पाहावे. ती पिवळी झाली असेल किंवा झाकणावर काजळी धरली असेल, तर वापर थांबवून बर्नर व तांब्याची जाळी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. विहिरीच्या जड पाण्याने आतील नळ्यांत क्षार साचतात. तेही काढता येतात. रबरी पडदा किंवा सेल बदलणे हा किरकोळ खर्च आहे. परंतु तांब्याची नळी झिजून गळू लागली, अथवा ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होत नसेल, तर दुरुस्तीचा मोह सोडावा. गॅसची सुरक्षा नळी मात्र दर 5 वर्षांनी बदलावीच. घरात पाइपचा गॅस आला असल्यास सिलिंडरचा गीझर त्याला परस्पर जोडू नये. दोहोंचा दाब आणि बर्नरची छिद्रे भिन्न असतात.

खर्चाचे म्हणाल तर 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवण्यास सुमारे 45 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमध्ये साधारण 300 बादल्या. विजेवर त्याच बादलीला अर्धा युनिट पुरतो. आपल्या दराने हिशेब करून पाहावा. फरक वाटतो तितका मोठा नसतो. गच्ची स्वतःची असेल, तर सौर बंबाचाही विचार करावा.

स्नान करताना डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे आणि बाहेर आल्यावर बरे वाटणे, ही या विषबाधेची लक्षणे आहेत. न्हाणीघरात झटका येऊन पडलेल्या रुग्णाला कधी कधी अपस्माराचा रोगी समजले जाते. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरी गॅस गीझर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचे साधे यंत्र अशा रुग्णाचाही प्राणवायू पुरेसा असल्याचे दाखवू शकते.

आणि काढलेला गीझर भाडेकरूंच्या खोलीत लावू नये.