फोटोतल्या बाईचं नाव

नाशिक-पुणे महामार्गावरून जाणाऱ्यांना संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा ठाऊक असतं ते टोलनाक्यामुळे. खरं तर या गावाचं नाव महाराष्ट्राच्या रंगभूमीच्या इतिहासात ठळकपणे लिहायला हवं. पवळा तबाजी भालेराव, म्हणजेच पवळा हिवरगावकर, इथली. तिचा जन्म १८७०चा. तमाशाच्या फडात बाईचं सोंग घेऊन नाच्या पोऱ्या उभा राहायचा, त्या काळात ती स्वतः पायात चाळ बांधून लोकांसमोर आली. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून तिचं नाव घेतलं जातं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पट्ठे बापूराव, यांची शाहिरी आणि पवळेची अदाकारी हे समीकरण मुंबईच्या पिला हाऊसपर्यंत गाजलं. १९३९ साली ती गेली.

तमाशाचं लेखन प्रामुख्याने शाहिरांभोवती झालं. कवनं वह्यांत उतरली, त्यांवर शाहिराचं नाव राहिलं. नाच कागदावर उतरत नाही. म्हणून त्या पिढीतल्या एखाद्या नाचणारीचा फोटो हाती लागला, तर तो इतिहासाचा अस्सल दस्तऐवज असतो. तो वाचायचा कसा आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे एक शिकण्याजोगं कसब आहे.

सुरुवात कागदापासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले बहुतेक फोटो अल्ब्युमिन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावरचे. तो कागद वळतो, म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, आणि कालांतराने त्यातले उजळ भाग पिवळे पडतात. नंतर जिलेटिनच्या थराचे फोटो आले. ते जुने झाले की काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी चंदेरी झाक चढते. पण कागदाचं वय म्हणजे फोटोचं वय नव्हे. मूळ फोटोचा पुन्हा फोटो काढून नवी प्रत करण्याची पद्धत सर्रास होती. घडी किंवा टाचणीचं भोक डोळ्याला दिसतं, पण प्रतीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात नसतं, तेव्हा समोर आहे ती नक्कल. तीही मोलाची, फक्त नोंदीत तसं लिहायला हवं.

मग फोटो उलटा करायचा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असू शकतं. पोस्टकार्ड असेल, तर मागे पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ आहे का, ते पाहायचं. रेघेची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली. इंग्रजी अमदानीत नाचणाऱ्या बायकांची पोस्टकार्डं भरपूर छापली गेली आणि त्यांतल्या कितीतरींवर ओळख एवढीच, ‘नॉच गर्ल’. फोटो काढणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत, आणि जिच्या रूपावर कार्ड खपलं तिला नाव नाही. हा अन्याय कुणी मुद्दाम केला असो वा नसो, दुरुस्त आपल्यालाच करावा लागेल.

यानंतर फोटोतला तपशील. बाजूला ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं असेल तर ढोलकीफडाकडे बोट जातं. पेटी आणि तबला असेल तर संगीत बारीचा, म्हणजे तमाशाच्या दुसऱ्या प्रकाराचा, विचार करायचा. मराठी बाई नथ डाव्या नाकपुडीत घालते. ती उजवीकडे दिसली आणि पदरही उलट्या खांद्यावर असला, तर काचेची निगेटिव्ह उलटी धरून प्रत काढली असण्याची शंका घ्यायची. मागचा रंगवलेला पडदा, खांब, फुलदाणी ही स्टुडिओची मालमत्ता, त्यांवरून बाईचं घर किंवा ऐपत ठरवू नये. तिची मुद्रासुद्धा सावधपणे वाचावी. जुन्या स्टुडिओत हलून चालत नसे. गिरकीतली वाटणारी ती उभी राहण्याची ढब धरून ठेवलेली असते. फोटोग्राफरच्या सांगण्यावरून घेतलेली पोझ आणि बोर्डावरचा, म्हणजे रंगमंचावरचा, नाच एक मानला, तर नाचाचा इतिहास चुकतो.

पोशाखही फसवतो. संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर या तमाशातल्या मोठ्या कलावंत. २०२१ साली त्यांचं निधन झालं. त्यांनी फडात शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. अशा भूमिकेतला एखादा फोटो नोंदीविना पुढच्या पिढीच्या हाती पडला, तर ‘अनोळखी नट’ एवढंच लिहिलं जाईल, आणि एका बाईने राजाची भूमिका पेलली ही गोष्टच पुसली जाईल.

कागद, पाठ आणि पोशाख पाहून झाले की माणसांकडे जायचं. जुन्या ढोलकीवाल्याला, फडमालकाच्या घरच्यांना, गावातल्या वयस्कर बायांना फोटो दाखवताना ‘ही पवळा का हो?’ असं विचारू नये. आपण नाव घेतलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘ही कोण असेल?’ एवढंच विचारावं आणि थांबावं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहावं, ते कुणी, कधी, कशावरून सांगितलं यासह. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर दोन्ही ठेवावीत. खात्री, शक्यता आणि ऐकीव या तीन पायऱ्या नोंदीत स्पष्ट दिसल्या पाहिजेत. एकदा का पुस्तकात चुकीचं नाव छापलं गेलं, की त्यावरून पुढची दहा पुस्तकं तेच छापतात.

इथेच सर्वांत नाजूक प्रश्न येतो. तमाशा आणि जात यांचं नातं उघड आहे, आणि त्यात अपमानही आहे. पवळा महार समाजातली, बापूराव ब्राह्मण. या दोघांच्या तमाशाच्या उत्पन्नातून महाडच्या लढ्याला देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असं सांगतात. स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मूळच्या पोहेगावच्या, म्हणजे संगमनेरच्याच जिल्ह्यातल्या, इतिहासकार शैलजा पाईक यांनी दलित तमाशा कलावंत स्त्रियांचं आयुष्य, त्यांची कला आणि त्यांच्यावरचा ‘अश्लील’ हा शिक्का यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. फोटोची नोंद करणाऱ्याने हे ओझं ओळखलं पाहिजे. काही घरांनी आजीचं नाव अभिमानाने सांगितलं, काहींनी लेकरांच्या सोयरिकीसाठी ते झाकलं. घरच्यांनी नको म्हटलं, तर फोटो जपावा, माहिती बंद पाकिटात ठेवावी, पण छापू नये. कलावंत बाईला तिचं नाव परत देताना तिच्या नातवंडांची मान खाली जाता कामा नये.

जपणुकीचं काम त्यामानाने सोपं आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुना फोटो लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये, मागे बॉलपेनने लिहू नये. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. निगेटिव्ह हाताळताना हातमोजे घालावेत. पुढची-मागची अशा दोन्ही बाजू, पुठ्ठ्यासकट, रंगीत स्कॅन कराव्यात, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि स्कॅनची मूळ प्रत कधीही ‘सुधारू’ नये. स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवावी. मूळ फोटो घरातच राहू द्यावा. त्याची प्रत आणि नोंद मात्र १९६० पासून कागदपत्रं सांभाळणाऱ्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी पोहोचावी.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथे फडांची माणसं एकत्र भेटतात. संगमनेर, अकोले, जुन्नर भागातल्या महाविद्यालयांनी त्या दिवसांत मुलांना स्कॅनर आणि नोंदवही देऊन पाठवावं. परवानगी घ्यावी, फोटो परत हातात द्यावा, आणि वहीचा पहिला रकाना ‘फोटोग्राफर’ असा न ठेवता ‘फोटोतल्या बाईचं नाव’ असा ठेवावा. ते मिळालं नाही, तर रकाना रिकामा राहू द्यावा. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला शोधायला लावतो. त्यात ‘नर्तकी’ असं लिहून टाकलं, की शोध तिथेच संपतो.